शिट्टीचं शेपूट

ताई अंगणात दोरीवर चादरी टाकत होती आणि रानातून आईने शिट्टी मारली.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. ताईला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आईचे डोळे तिनेच मिटले होते. पण पायांना कोण समजावणार! पाय निघाले. चादर अर्धी दोरीवर, अर्धी चिखलात, चपला तिथेच, आणि पन्नाशी उलटलेली ही बाई कुरकुरणारे गुडघे घेऊन झाडीत शिरली. शिट्टी पुन्हा आली. आधी दोन सूर, मग दातांच्या फटीतून हवा निसटावी तसा बारीकसा फुस्स, आणि मग तिसरा सूर, वर चढून वळणारा. तीच. शंकाच नको. 

ओढ्याच्या वळणाशी पोचली तर काय! एका झाडाच्या बुंध्याला बुटाच्या नाडीने बांधलेला, साबणाच्या वडीएवढा स्पीकर. आई त्यातून शिट्टी मारत होती. आणि स्पीकरसमोर ओल्या पाचोळ्यात छाती फुगवून नवरंग उभा.

नवरंग म्हणजे या सखल रानातला तो पक्षी, ज्याला बघायला लोक कुठून कुठून येतात. किडे, अळ्या, गांडुळं खाऊन जगतो, पण थाट बघावा! पाठ हिरवी, खांद्यावर निळा ठिपका, पोटाखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा. देवाने रंगाची अख्खी पेटी याच्यावर उपडी केली आणि शेपटापर्यंत येता येता सामानच संपलं, असं आई म्हणायची, कारण शेपूट त्याला नावापुरतं. इतका देखणा आणि इतका लाजाळू, की आठवडे आठवडे दिसत नाही, नुसती दोन सुरांची शिट्टी ऐकू येते. आणि आज हा भर सकाळी, उघड्यावर, कोण रे तू, माझ्या घरात घुसतोस काय, अशा आवेशात त्या डबीसमोर उभा होता.

"खाली बस, ताई! खाली बस ना!" पलीकडच्या हिरव्या कापडाच्या आडोशातून कुजबुज आली.

तो शेपूट होता. ताईचा धाकटा भाऊ, आई गेल्यावर शहर सोडून इथे परतलेला. चाळिशी आली, डोक्यावरचं रान विरळ झालं, तरी घरात त्याचं नाव शेपूटच. त्याच्या शेजारून तोफेएवढी लेन्स बाहेर आली होती आणि तिच्यामागे, त्यांच्याकडे उतरलेले डोळ्यांचे डॉक्टर श्वास रोखून बसले होते.

ताई खाली बसली नाही. "बंद कर ते!" ती ओरडली. चांगली घसा फोडून ओरडली. नवरंग टुणटुण उड्या मारत पाचोळ्यात गडप झाला, डॉक्टरांच्या तोंडून "अरेरे" निघालं, आणि ताईने ती नाडी सुटेना तेव्हा सरळ दातांनी तोडली. स्पीकर मुठीत घट्ट धरून ती घराकडे निघाली. मुठीतून आई शिट्टी मारतच होती, कारण ते मेलं बंद कुठून होतं हे ताईला कुठे ठाऊक होतं!

मागच्या धुण्याच्या खोलीत टबात साबणाचं पाणी होतं. पाहुण्यांच्या खोल्यांचे टॉवेल भिजत होते. ताईने तो स्पीकर धाडकन टबात टाकला. तो बुडाला. आणि बुडून वाजायला लागला. दोन सूर, बुडबुडे, तिसरा सूर, बुडबुडे.

"वॉटरप्रूफ आहे तो," दारातून शेपूट म्हणाला. वर हसला.

ताईला तो आवाज ऐकवेना. तिनेच पुन्हा कोपरापर्यंत हात घातला, स्पीकर बाहेर काढला आणि धुतलेल्या उशीच्या अभ्र्याने पुसून काढला. आईला अशी बुडताना कशी बघणार? आणि आपण हे पुसत बसलोय हे लक्षात आल्यावर तर तिचा पारा आणखी चढला.

"कुणाला विचारून?" ती म्हणाली.

शेपटाने स्पीकर घेऊन बंद केला. "काय कुणाला विचारून?"

"आईला झाडाला बांधलंस ते कुणाला विचारून?"

शेपूट तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. "ताई, तो पक्षी आहे."

"पक्षी दोनच सूर मारतो, गाढवा. तिसरा कुणाचा?"

"अगं तेच तर! आपल्या इथल्या नवरंगाला तिसरा सूर आहे. दुसरीकडे कुठे नाही. डॉक्टर त्याच्यासाठीच आलेत. पाटीवर लिहिलंय मी, तीन सुरांचा नवरंग, तू वाचली नाहीस का?"

ताईने कपाळावर हात मारला. काय बोलणार अशा माणसाशी!

आता ही शिट्टी काय भानगड आहे ते सांगायला हवं. ही दोघं लहान असताना आई एकटी या खोल्या चालवायची. पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण, खाणं-पिणं, सगळं तिच्याच डोक्यावर. पोरं दिवसभर रानात. हाका मारून मारून घसा बसायचा, कारण दाट झाडीत माणसाचा आवाज चार झाडांच्या पुढे जात नाही. नवरंगाची शिट्टी मात्र थेट ओढ्यापलीकडे पोचते. म्हणून आईने ती उचलली. दोन सूर मारले की ताईने घरी यायचं. पण पंचाईत अशी, की नवरंगही तेच दोन सूर मारायचा, आणि ताई धापा टाकत घरी आली की आई म्हणायची, "मी कुठे बोलावलं? त्या पाखराने बोलावलंय, त्याच्याकडे जा जेवायला."

मग धाकटा झाला, चालायला लागला, आणि ताईच्या मागे मागे रानात जायला लागला. तेव्हा आईने शिट्टीला तिसरा सूर जोडला. "पाखराला शेपूट नाही ना, म्हणून मी शिट्टीला लावलं," ती म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायची. दोन सूर म्हणजे ताई, ये. तिसरा सूर म्हणजे, आणि त्या शेपटाला पण आण. तेव्हापासून त्याचं नाव शेपूट पडलं.

आणि आणायचं कुणी? ताईने. हा ओढ्यात बसलेला असायचा, आलो गं, आलोच, म्हणत. ताई त्याची कॉलर धरायची आणि ओढत घरी न्यायची. रोज. शिट्टी झाली की आपल्या पायांनी उठून घरी आलाय असा एक दिवस आठवत नाही तिला. ती शिट्टी त्याच्या कानात कधी शिरलीच नाही, मानेवर ताईचा हात पडला की घरी जायची वेळ झाली एवढंच त्याला कळायचं. मग आता कशी ओळखू येणार!

"ताई, तुला आईची आठवण येते, मी समजू शकतो..." शेपूट मऊ आवाजात म्हणाला.

"तू काही समजू नकोस. तू ते बंद कर."

"आणि पाहुणे? आई होती तेव्हा खोल्या कशा ओस पडलेल्या असायच्या ते विसरलीस? आज भरल्यात त्या कशामुळे?"

तेवढ्यात त्याची बायको इस्त्री केलेल्या अभ्र्यांची चळत घेऊन आत आली. स्वभावाने मोकळी, कुणाचं वाईट न चिंतणारी बाई. दोघांची तोंडं बघून तिला काय ते कळलं. "अहो, ताई म्हणतायत तर नका ना लावू," ती म्हणाली. "डॉक्टरांना दुसरं काहीतरी दाखवा. नाहीतर तुम्हीच हिरवा सदरा घालून उड्या मारा."

कुणी हसलं नाही.

"जिवंत होती तेव्हा नाही आली आठवण," ताई म्हणाली. "आणि आता झाडाला बांधून..."

"झालं तुझं सुरू!" आता शेपूटही भडकला. "पुन्हा तेच! तू बोलवायचीस, हो, मान्य आहे. तू मला कशालाही बोलवायचीस. नळ गळतोय ये, गच्ची पाझरतेय ये. मला काय ठाऊक कुठलं खरं? आईने एकदा, फक्त एकदा ये म्हटलं असतं ना, तर हातातलं टाकून धावत आलो असतो!"

हेच. हेच ते वाक्य. आईच्या शेवटच्या निरोपाला जमलेल्या माणसांसमोर त्याने ते म्हटलं होतं, शेजाऱ्यांना ऐकवलं होतं, पाहुण्यांना चहा देता देतासुद्धा ऐकवलं होतं. प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणून. लोक बिचारे त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. आणि ताईला दर वेळी ते ऐकून घ्यावं लागायचं. आईने ये म्हटलं नव्हतं हे खरंच होतं, कारण आईचे शब्दच गेले होते. मेंदूत कुठेतरी रक्त अडलं, हातपाय वाचले, चेहरा वाचला, शब्द तेवढे सांडले. पाणी हवं असलं की खिडकी म्हणायची, ताईला चमचा म्हणायची, आणि चुकलं हे कळून रडायची. लिहिलेलंही तिला वाचता येईना. शेपूट शहरातून फोन करायचा, ते असंबद्ध बोलणं ऐकायचा आणि म्हणायचा, आई, बोलू नकोस, तुला त्रास होतो. की ठेवला फोन. त्रास कुणाला होत होता ते ताईला चांगलं कळत होतं.

तिला त्याच्याकडून माफी नको होती. पाया पडायला नको होतं. त्याने ते एक वाक्य गिळून टाकावं, पुन्हा कधी तोंडातून काढू नये, एवढंच तिला हवं होतं. न आल्याचा दोष मेलेल्या बाईच्या माथी मारायचा म्हणजे काय? हद्द असते की नाही?

"बरं बाबा," शेपूट शेवटी म्हणाला. "शब्द देतो. तुला यापुढे ऐकू येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच ऐकू आलं नाही. ताईने चादरी वाळत घातल्या, टॉवेल घातले, मनातल्या मनात भावाला थोडं माफसुद्धा केलं. आणि मग वारा फिरला. ओढ्यापलीकडून, अगदी बारीक, दोन सूर, फुस्स, तिसरा सूर.

तिला ऐकू येणार नाही असं म्हणाला होता. लावणार नाही असं कुठे म्हणाला होता? शब्दाचा पक्का हो, माझा भाऊ!

ताई तरातरा निघाली. पण ओढ्याला पाणी होतं, आणि पूल पार घराच्या त्या अंगाला. पाणी उतरण्यासारखं कुठे आहे का ते बघत ती काठाने चालली असताना एका जाड मुळाच्या बेचक्यात तिला ते दिसलं: काटक्या आणि वाळक्या पानांचा मोठा गोळा, बाजूने दार. नवरंगाचं घरटं. दारातून पिल्लांच्या चोची दिसत होत्या, उघड्या, आभाळाकडे. त्यांतल्या एका पिल्लाला चोच उघडायचंही त्राण नव्हतं. मान दाराच्या कडेवर पडली होती.

ताई झुडपाआड बसली. मादी आली, एक अळी घेऊन, भरवून गेली. मग नर आला. चोचीत गांडुळांचा गुच्छ, चांगला भरगच्च. घरट्यापासून हातभर अंतरावर पोचला आणि पलीकडून शिट्टी झाली. नर थबकला. गांडुळं चोचीतून खाली पडली. छाती फुगवून, दोन सूर ठणकावून तो भुर्रकन ओढा ओलांडून गेला, त्या न दिसणाऱ्या, न दमणाऱ्या, न हटणाऱ्या परक्याशी भांडायला. गांडुळं पाचोळ्यात वळवळत पसार झाली. पिल्लांच्या चोची तशाच उघड्या.

बऱ्याच वेळाने तो परत आला, पुन्हा चोचीत काहीतरी घेऊन. पुन्हा शिट्टी. पुन्हा तेच.

"अरे मेल्या," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "घरात पोरं उपाशी आणि तू कुठे निघालास? तूही त्यातलाच का?" पक्ष्यावर चिडून काय उपयोग, पण ती चिडली. दात-ओठ खात चिडली. आणि मग पूल गाठून आधी भावाची गचांडी धरायची असं ठरवून उठली. स्पीकर नेमका कुठल्या झाडाला आहे ते त्यालाच ठाऊक होतं, आणि बंद कसा करायचा तेही.

घरात पोचली तर मंडळी नाश्त्याला बसलेली. म्हणजे स्पीकरपाशी कुणीच नव्हतं! पक्षी गरम राहावा म्हणून शेपूट तो तसाच वाजता ठेवून आला होता. गरम राहावा हा त्याचा शब्द. पक्षी चिडून चिडून तिथेच घुटमळत राहतो, मग पाहुण्यांना ताटकळावं लागत नाही. ताई मागच्या दारातून आत शिरली, पाय चिखलाने भरलेले, तोंडात शिव्यांची माळ तयार. पण डॉक्टर बोलत होते, म्हणून ती दारातच थांबली.

"एक विचारू का?" डॉक्टर अंडं सोलत म्हणत होते. "रागावू नका. दोन दिवस मी नीट ऐकतोय. तुमचा पक्षी उत्तर देतो ते दोन सुरांचं. तिसरा सूर त्याने एकदाही लावला नाही. हे रेकॉर्डिंग कुणी केलंय?"

"आईने," शेपूट पावाला लोणी लावत म्हणाला. अभिमानाने म्हणाला. "मागच्या वर्षी. ती बसून असायची ना, मागच्या खोलीत. खिडकीशी नवरंग येत असणार. मी शहरात होतो, तर एके दिवशी फोनवर हा आवाज. बोलणं नाही, काही नाही, नुसती शिट्टी. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, आईला काहीतरी विरंगुळा मिळाला. मी लगेच लिहिलं, मस्त गं आई, अजून पाठव."

"मग?"

"मग काय, पाठवत राहिली. रोज. अगदी शेवटपर्यंत. त्यातला सगळ्यात स्वच्छ होता तो घेतला."

ताईने दाराची चौकट धरली.

फोन तिनेच आईच्या हातात दिला होता. कुठे दाबायचं ते बोट धरून शिकवलं होतं, आणि आई-लेकाचं काय ते त्यांचं त्यांना म्हणून पुन्हा कधी तो उघडून बघितला नव्हता. त्या दिवसांत दुपारी ती दोरीपाशी असली की मागच्या खोलीतून शिट्टी यायची, शेपटासकट. ती धावत जायची, काय हवं गं? आई फोन छातीशी धरून हात हलवायची. तू नाही, तू नाही. ताईला वाटायचं, आईचं मन मागे मागे चाललंय, तिला आम्ही लहान दिसतोय. मग फोन टिंग करायचा. उत्तर आलं एवढं आईला कळायचं, वाचता तर येत नव्हतं. टिंग झालं की ती दाराकडे बघायला लागायची. संध्याकाळ होईपर्यंत बघत राहायची. ताई म्हणायची, उजेड डोळ्यांवर येतोय का, दार लोटू का? आणि आई रागाने म्हणायची, चमचा! चमचा!

"शेपटा," ताई म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. तिने ओठांचा चंबू केला आणि शिट्टी मारली. दोन सूर. तिच्या दातांना फट नव्हती, फुस्स झालं नाही, पण तिसरा सूर चढला आणि नेमका वळला.

"हे कोण?" तिने विचारलं.

"ताई, पाहुण्यांसमोर..."

"कोण, विचारते मी! पहिले दोन सूर कुणाचे?"

शेपटाच्या हातातली सुरी लोण्यावर थांबली. खूप जुनं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वर येत होतं. "तुझे," तो म्हणाला.

"आणि तिसरा?"

 त्याच्या बायकोने चहाची किटली खाली ठेवली आणि तोंडावर हात धरला.

"बोल ना! आता का दातखीळ बसली? एकदा ये म्हटलं असतं तर धावत आलो असतो, नाही का? सगळ्या गावाला सांगत सुटलास. अरे, रोज म्हणत होती ती! शब्द गेले होते तिचे, सगळे गेले, एवढंच एक तोंडात राहिलं होतं, आणि ते तिने तुझ्यासाठी वापरलं. माझ्यासाठी नाही. मी तर तिथेच होते, तिचं सगळं करत. तू ये, तू ये, तू ये. आणि तू काय म्हणालास? अजून पाठव!"

डॉक्टर उठले. त्यांनी अंडं तसंच ठेवलं, टोपी घेतली आणि आवाज न करता बाहेर व्हरांड्यात जाऊन पाठ करून उभे राहिले.

"मला काय माहीत," शेपूट म्हणाला.  "मला वाटलं... ताई, मला खरंच वाटलं पक्षी..."

मागचं दार ताईने उघडंच टाकलं होतं. वारा अजून त्याच अंगाचा होता. ओढ्यापलीकडून बारीक आवाज आत आला, दोन सूर, फुस्स, आणि तिसरा.

"ऊठ," ताई म्हणाली. "आई बोलावतेय."

शेपूट उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. ती उचलायला तो थांबला नाही. मागच्या दारातून, दोरीवरच्या चादरींखालून, पुलाच्या दिशेने तो धावत सुटला. धावताना त्याची एक चप्पल अंगणातच राहिली. शिट्टी ऐकून आपल्या पायांनी धावला तो आयुष्यात पहिल्यांदा.

ताई दारात उभी राहून वाट बघू लागली. आता बंद होईल. पूल ओलांडला असेल, आता होईल. शिट्टी झाली. पुन्हा झाली. पोचला असणार एव्हाना. पुन्हा झाली.

"काय करतोय हा माणूस!" ताई पुटपुटली. तिकडे पिल्लांच्या चोची उघड्याच असणार. तिचे पाय कधीचे निघायला बघत होते. तिने त्यांना चौकटीशी दाबून धरलं होतं, कारण आज तरी मी जाणार नाही, आज त्याचं त्याने यावं.

"मी जाऊ का, ताई?" भावजय डोळे पुसत म्हणाली.

शिट्टी आली. दोन सूर, आणि शेपूट.

"तू नको," ताई म्हणाली. "मला सांगतेय ती. त्याला आण म्हणतेय." आणि मग तिचा राग उफाळून आला, आईवरसुद्धा. "मेल्यावरसुद्धा माझ्याच गळ्यात! जन्मभर हेच केलंस!" असं रानाकडे तोंड करून ओरडली आणि तणतणत निघाली.

शेपूट झाडाखाली पाचोळ्यात बसला होता, स्पीकर मांडीवर घेऊन. समोर त्याच्या गुडघ्याशी नवरंग उभा होता, हिरवा, निळा, लाल, छाती फुगवलेला, दमून चोच वासलेला. ज्याच्यासाठी लोक जग पालथं घालून येतात तो पक्षी हात लांब केला तर लागेल इतका जवळ होता. शेपटाचं तिकडे लक्षही नव्हतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ऐकत होता.

"बंद कर," ताई म्हणाली.

"थांब ना. एकदा अजून ऐकू दे."

"अजून? तुझं 'अजून' पुरे झालं आता! तिकडे पिल्लं उपाशी मरतायत. एक तर गेल्यातच जमा आहे. बंद कर म्हणते ना!"

त्याने अंगठा ठेवला. शिट्टी दोन सुरांवर पोचली होती. त्याने बटण दाबलं, आणि तिसरा सूर आलाच नाही.

रान एकदम मोठं वाटायला लागलं. नवरंग तसाच उभा राहिला, मान वाकडी करून, परका गेला की दडून बसलाय याचा अंदाज घेत. मग त्याने स्वतःचे दोन सूर मारले. कुणी उत्तर दिलं नाही. त्याची छाती हळूहळू खाली बसली, त्याने दोन-तीनदा पाचोळा उलटला, एक लठ्ठ अळी शोधली आणि ती चोचीत धरून, मागे वळूनही न बघता, ओढा ओलांडून घराकडे गेला.

ताईने वाकून स्पीकर घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला. मग भावाच्या सदऱ्याची कॉलर धरली. घामाने भिजली होती.

"ताई," तो खालीच बघत म्हणाला, "आई रागावली असेल का गं माझ्यावर?"

"तिला कधी जमलं तुझ्यावर रागवायला?" ताई म्हणाली आणि कॉलर ओढली. "मी रागावलेय. चल, ऊठ."